पावसात बुडालेले शाळेचे दिवस: रविवारी शाळा भरवायची की दुसरा मार्ग आहे?

वेळापत्रकवाला | बुधवार, रात्री ९:१०

शाळेचं वेळापत्रक बसवणाऱ्या मंडळींसाठी धागा. पालकांचंही स्वागत आहे.

उदाहरण समोर ठेवतो म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. पाचवी ते दहावीची मराठी माध्यमाची शाळा, एकच सत्र, ११ ते ५. सोमवार ते शुक्रवार ८ तासिका, शनिवारी सकाळी ५, तासिका ३५ मिनिटांची. जुलै ते सप्टेंबर या काळात अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने सहा दिवस शाळा बंद: तीन सोमवार, दोन मंगळवार, एक शुक्रवार.

संस्थेचं म्हणणं, दिवाळीनंतर ओळीने सहा रविवार शाळा भरवा. शिक्षकांचं म्हणणं, सुट्टी प्रशासनाने दिली, भरपाई आमच्या माथी का? पालकांत दोन तट.

प्रश्न तीन. नियमाने भरपाई लागते का? लागत असेल तर रविवारशिवाय मार्ग कोणता? आणि नुकसान मोजायचं कशात, दिवसांत की तासिकांत?

नियमावली | बुधवार, रात्री ९:३८

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वर्गावर अवलंबून आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास आहेत. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. दिवस आणि तास दोन्ही पूर्ण व्हावे लागतात, हे लोक विसरतात. नववी-दहावी या कायद्याच्या बाहेर, तिथे राज्याच्या नियमाप्रमाणे २३० दिवस धरायचे.

आता वजाबाकी. ३६५ मधून ५२ रविवार गेले, ३१३ उरले. दिवाळी, उन्हाळा, सण सगळं धरून सुट्ट्यांची मर्यादा ७६. उरले २३७. म्हणजे पाचवीला ३७ दिवसांची सवड, सहावी ते आठवीला १७, नववी-दहावीला फक्त ७. सहा दिवस गेले तर उरतात २३१. कागदावर तुम्ही अजून काठावर उभे आहात, बुडालेले नाही.

पण या २३७ मधूनच परीक्षा, स्नेहसंमेलन, सहल, क्रीडास्पर्धा आणि निवडणुकीची कामं जातात. त्यामुळे दिवस भरले म्हणजे शिकवून झालं, असं कुणी समजू नये.

खडूचा तुकडा | बुधवार, रात्री ९:४४

सहा रविवार शाळा? त्यापेक्षा सहा सोमवार पाऊस थांबवणं सोपं.

गणितमास्तर | बुधवार, रात्री १०:२०

तिसरा प्रश्न खरा. दिवसांत मोजाल तर फसाल.

नववीचा एक वर्ग घ्या. सोमवारी गणित २, विज्ञान २ (प्रयोगाची जोड तासिका), मराठी, इंग्रजी, इतिहास, शारीरिक शिक्षण प्रत्येकी १. मंगळवारी इंग्रजी २, गणित, विज्ञान, मराठी, हिंदी, भूगोल, चित्रकला प्रत्येकी १. शुक्रवारी हिंदी २, गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी, इतिहास, शा.शि. प्रत्येकी १. आता तीन सोमवार, दोन मंगळवार, एक शुक्रवार गेला तर:

गणित ९, विज्ञान ९, इंग्रजी ८, मराठी ६, हिंदी ४, इतिहास ४, शा.शि. ४, भूगोल २, चित्रकला २. बेरीज ४८.

भूगोलाचं नुकसान दोनच तासिका आणि गणिताचं नऊ. अशा वेळी सरसकट सहा रविवार भरवून त्या दिवशी ज्याला जो तास मिळेल तो त्याने घेतला, तर भूगोलाला फुकटचे तास मिळतात आणि विज्ञानाचे प्रयोग तसेच राहतात. कारण प्रयोगाला जोड तासिका लागते आणि प्रयोगशाळा सहायक त्या दिवशी हजर लागतो.

म्हणून आधी प्रत्येक वर्गाचा असा तक्ता करा. वर्गशिक्षकाला अर्धा तास लागतो. आडव्या ओळीत बंद दिवसाची तारीख आणि वार, उभ्या स्तंभात विषय. दर महिनाअखेर भरा, सप्टेंबरपर्यंत थांबू नका. वर्षाच्या मध्ये वेळापत्रक बदललं असेल तर त्या तारखेला जे लागू होतं तेच धरा. इथेच हिशोब सगळ्यात जास्त चुकतो.

शिट्टी | बुधवार, रात्री १०:३१

तक्ता छान आहे सर. पण पुढे काय होणार ते आत्ताच सांगतो. "शा.शि. ४ आणि चित्रकला २ सोडून द्या, ४२ च भरून काढू." खेळाचा तास गणिताने खायचा ही जुनी खोड आहे. त्यात पावसाळ्यात मैदान चिखलाने भरलेलं, म्हणजे शाळा सुरू असलेल्या दिवशीही आमचे तास गेलेलेच असतात, ते कुठल्या तक्त्यात येत नाहीत.

गणितमास्तर | बुधवार, रात्री १०:३५

शिट्टी, मी ४८ च लिहिलेत. ४२ तुम्ही म्हणालात.

अर्धी सुट्टी | बुधवार, रात्री १०:५२

सोपा उपाय बऱ्याच शाळा करतात: रोज नववी तासिका. आठवड्याला पाच, म्हणजे दहा आठवड्यांत ४८ पूर्ण. रविवारची कटकट नाही.

वेळापत्रकवाला | बुधवार, रात्री ११:०२

@अर्धी सुट्टी, ५ ला सुटणारी शाळा ५:३५ ला सुटेल. दिवाळीनंतर दहा आठवडे म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. त्या काळात अंधार कधी पडतो ते बघा.

तेरेखोल | बुधवार, रात्री ११:१५

कोकणात हे अजिबात चालणार नाही. वाडीवरची मुलं शाळेपासून दोन-तीन किलोमीटर आत राहतात, वाट रानातून, मध्ये साकव (ओढ्यावरचा लाकडी पूल). डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या पूर्वेला तर त्याआधीच काळोख. नववी तासिका संपून मुलगी घरी पोचेपर्यंत साडेसहा होतात. शाळा व्यवस्थापन समितीत एकही आई याला हो म्हणणार नाही, आणि म्हणू पण नये.

तासिका वाढवायचीच तर परिपाठाच्या आधी, शून्य तासिका म्हणून. १०:२० ते १०:५५. मात्र एसटीची फेरी त्याआधी पोचते का ते बघूनच.

नियमावली | गुरुवार, सकाळी ७:५०

आणखी एक पळवाट दिसते, तिच्यापासून सावध. ३५ ची तासिका ३० ची करायची. आठ गुणिले पाच, चाळीस मिनिटं सुटली, त्यातून नववी तासिका उभी केली, वहीत लिहिलं "जादा तासिका घेतली". मिनिटं तेवढीच राहिली. तपासणीत हे चटकन कळतं, कारण शाळा सुटायची वेळ बदललेली नसते.

तशीच दुसरी: मधली सुट्टी ४५ ची २५ करायची. ज्या शाळेत आहार शिजतो तिथे २५ मिनिटांत दीडशे मुलं जेवून, ताटं धुऊन वर्गात बसत नाहीत. सहावी तासिका मग अर्धीच होते.

भातडाळ | गुरुवार, सकाळी ८:३०

आहाराचा विषय निघालाच आहे तर लिहिते. भरपाईचा दिवस ठरवताना मुख्याध्यापक सगळ्यात शेवटी आठवण काढतात ती स्वयंपाकी ताईंची.

ज्या दिवशी हजेरी भरली आणि पूर्ण वेळ शाळा झाली, त्या दिवशी अन्न शिजलं पाहिजे, मग वार कुठलाही असो. तांदूळ पहिली ते पाचवी १०० ग्रॅम, सहावी ते आठवी १५० ग्रॅम. पाचवीची ४० आणि सहावी ते आठवीची १२० मुलं असतील तर ४ आणि १८, मिळून २२ किलो. पण सुट्टीच्या वारी उपस्थिती हमखास घटते. म्हणून पटावरून तांदूळ काढू नका, परिपाठाला डोकी मोजा आणि मग चूल पेटवा. त्या दिवशीची नोंद त्याच दिवशी ऑनलाइन भरा, "उद्या एकदम भरू" केलं की शिल्लक तांदूळ आणि वही जुळत नाही.

उलट बाजू म्हणजे अर्ध्यात सोडलेली शाळा. दुपारी बारा वाजता आदेश येतो, तोवर भात शिजलेला. रस्ता सुरक्षित असेल तर मुलांना जेवू घालूनच सोडा, प्रत्यक्ष जेवलेल्यांची संख्या लिहा. उरलेलं अन्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही, पावसाळी हवेत तर मुळीच नाही.

ठाण्याची आई | गुरुवार, सकाळी ९:१५

पालक म्हणून विचारते. अर्ध्यात सोडलेला दिवस भरतो की बुडतो? मुंबईत १८ ऑगस्ट २०२५ ला सकाळचं सत्र भरलं आणि दुपारच्या सत्राला सुट्टी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी सगळंच बंद. एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक असेल तर हिशोब कसा?

नियमावली | गुरुवार, सकाळी ९:४०

ताई, सत्रनिहाय. सकाळच्या सत्राचा एक दिवस गेला, दुपारच्या सत्राचे दोन. म्हणून "शाळा दोन दिवस बंद" असं एकच वाक्य अहवालात लिहिणं चूक. सत्र सुरू होऊन मध्येच सोडलं, तर हजेरी झालेली असल्याने दिवस बहुधा भरलेला दाखवतात, पण तास निम्मेच झालेले असतात. गणितमास्तरांच्या तक्त्यात तो अर्धा दिवस तासिकांनी लिहा: पाचवी ते आठवी तासिका बुडाली.

पत्रावळ | गुरुवार, सकाळी ९:५८

आणि ते आदेशातलं वाक्य? "विद्यार्थ्यांना सुट्टी, शिक्षक व कर्मचाऱ्यांनी उपस्थित राहावे." असा दिवस शिक्षकाच्या दृष्टीने कामाचा झाला. मग त्याची भरपाई रविवारी परत शिक्षकानेच करायची?

नियमावली | गुरुवार, सकाळी १०:१०

आदेश नीट वाचा, दोन प्रकारचे असतात. "शाळा बंद" आणि "विद्यार्थ्यांना सुट्टी". जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष, आदेश आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली निघतो, म्हणून शिक्षकांनाही त्यात गुंतवता येतं. पूरग्रस्तांना शाळेत ठेवायचं झालं तर कुलूप उघडायला माणूस लागतोच. पण अध्यापनाच्या हिशोबात तो दिवस शून्य. तुमची तक्रार रास्त आहे, म्हणूनच भरपाईत रविवार शेवटचा पर्याय असावा. शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास कायद्यात तयारीसह धरलेले आहेत, तिकडेही बघायला हवं.

काळा ढग | गुरुवार, सकाळी १०:२२

रेड अलर्ट आला की ऊन पडतं, हा हवामानशास्त्राचा मूलभूत नियम आहे. ९ जुलै २०२४, मुंबई. आदल्या दिवशी शहर तुंबलं, म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी. पोरं क्रिकेट खेळली.

मिलिमीटर | गुरुवार, सकाळी ११:०५

काळा ढग, हसू आलं, पण रंगांचा अर्थ लोकांना माहीत असावा.

हवामान खात्याच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार, त्यावर अत्यंत जोरदार. ही २४ तासांची मोजणी सकाळी साडेआठला संपते. म्हणजे "काल ११० मिमी" वाचता तेव्हा त्यात आज पहाटेचा पाऊस आलेला असतो. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे पावलं उचला. हा इशारा पूर्ण जिल्ह्यासाठी असतो. रायगडात महाडला ओढे रस्त्यावर आलेले असतील आणि उरणला रिमझिम असेल, तरी सुट्टी जिल्हाभर.

भरपाईच्या दृष्टीने यातला मुद्दा असा की जिल्हाभर सरसकट बंद ठेवण्याऐवजी तालुकावार निर्णय झाला तर निम्म्या शाळांचे दिवस वाचतील. काही जिल्हे असे तालुके निवडून आदेश काढतात. आदेश आदल्या संध्याकाळी निघावा. पहाटे सव्वासहाला निघाला तर सकाळच्या शाळेची मुलं रिक्षात बसलेली असतात.

आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा आदेश खरा धरण्याआधी वर्ष आणि जावक क्रमांक बघा. जुन्या आदेशातली तारीख खोडून नवी घातलेली चित्रं दर पावसाळ्यात येतात. अक्षरांची जाडी वेगळी दिसते, वार जुळत नाही.

एडिसनकर | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

इकडची पद्धत सांगतो, तुलनेसाठी. न्यू जर्सीत १८० दिवस शाळा झालीच पाहिजे. बर्फाने बंद ठेवाव्या लागतात म्हणून शाळा-मंडळं वर्षाच्या कॅलेंडरमध्येच काही दिवस जादा धरतात. ते वापरले गेले नाहीत तर मे महिन्यात सुट्टीला जोडून परत देतात. जास्त गेले तर वसंतातली सुट्टी कापतात किंवा जूनमध्ये वर्ष लांबवतात. कुठला दिवस आधी कापला जाईल हे सप्टेंबरातच छापलेलं असतं, त्यामुळे भांडण होत नाही. ऑनलाइन वर्ग घेऊन बर्फाचा दिवस भरला असं इथे धरत नाहीत.

शेजारी न्यूयॉर्क शहरात उलट: बर्फाची सुट्टी जवळपास रद्द, त्या दिवशी ऑनलाइन शाळा. १३ फेब्रुवारी २०२४ ला सकाळी सगळ्यांनी एकदम प्रवेश करायचा प्रयत्न केला आणि हजारो मुलं बाहेरच राहिली.

खडूचा तुकडा | गुरुवार, संध्याकाळी ६:४१

तिकडे प्रवेश बंद पडतो, इकडे विजेची डीपीच (ट्रान्सफॉर्मर) जळते.

पालक क्रमांक दोन | गुरुवार, संध्याकाळी ७:१०

तरी ऑनलाइन का नको? कोरोनात सगळं झालंच की.

गणितमास्तर | गुरुवार, संध्याकाळी ७:४५

ज्या दिवशी शाळा पावसाने बंद असते त्या दिवशी वीज आणि मोबाइलचा टॉवर पण पावसातच उभा असतो. घरात दोन भावंडं, मोबाइल एक, तोही वडिलांबरोबर कामावर. शहरात आठवी-नववीला जमेल, सरसकट नाही.

त्यापेक्षा कागद बरा. जूनमध्येच प्रत्येक मुलाला तीन दिवसांची स्वाध्यायपत्रिका पिशवीत घालून द्यायची. रोजचं एक पान गणित, एक भाषा, एक वाचन-उतारा. एका मुलामागे नऊ पानं. विषय मात्र आधी शिकवून झालेलाच, नवीन घटक घालू नका, नाहीतर घरचे सोडवून देतात. शाळा सुरू झाली की पहिल्या तासिकेत तपासणी. याने एकही तास भरून निघत नाही, हे खरं. पण बुडालेल्या दिवसानंतर उजळणीत जाणारी तासिका वाचते.

बालाघाट | गुरुवार, रात्री ९:२०

सगळे दिवाळीनंतरचं बोलताहेत. बीड, धाराशिवकडच्या शाळांचं काय? ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. गाडीत संसार, बरोबर पोरं. नोव्हेंबरात रविवारी शाळा भरवून कुणाला शिकवणार? पटावर ३८ आणि वर्गात १९. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्याचे जे दिवस गेले ते नेमके टोळ्या हलायच्या तोंडावर गेले, म्हणजे या पोरांचं दुहेरी नुकसान.

करायचं ते असं. शाळा उघडल्या आठवड्यातच वर्गशिक्षकाने जाणाऱ्या मुलांची यादी करायची. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) कुणी घेतली ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. या मुलांची भरपाई दिवाळीच्या आधीच, रोज शून्य तासिका, फक्त भाषा आणि गणित. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव त्याच वेळी, कारण मूल आजी-आजोबांकडे राहिलं तरच पुढची भरपाई त्याला मिळते. आणि जे जाणारच, त्यांच्याबरोबर पुस्तकं द्या, कारखान्याच्या तळाजवळच्या शाळेत बसायला उपयोगी पडतात.

वेळापत्रकवाला | गुरुवार, रात्री ९:३३

@बालाघाट, हे माझ्या हिशोबात नव्हतं. उदाहरणातल्या शाळेतही अशी मुलं धरायला हवीत. नोंद घेतली.

पंचगंगाकाठ | गुरुवार, रात्री १०:०५

थोडं अवांतर, पण संबंध आहे. आदेशाची सुट्टी एक-दोन दिवसांची असते. शाळेत पाणी शिरलं किंवा पूरग्रस्तांची छावणी झाली की पाणी ओसरल्यावरही आठवडा जातो. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत, २०२१ ला चिपळूणला हेच झालं. हे दिवस कमी करणं हीच मोठी भरपाई आहे. ओसरल्यावरचा क्रम असा ठेवावा:

आधी फोटो आणि पंचनामा, मग साफसफाई. गाळ काढून टाकला आणि मागून पंचनामा मागितला की भिजलेल्या तांदळाचा, बाकांचा पुरावा राहत नाही.

मग मेन स्विच बंद ठेवूनच गाळ. ओला असतानाच फावड्याने ओढा, वाळला की दगड होतो. वायरमनने बोर्ड उघडून बघितल्याशिवाय पंखा सुद्धा लावायचा नाही.

जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची मूळ नोंदवही) भिजलं असेल तर उन्हात टाकू नका, पानं चिकटून वाकतात. सावलीत, दर काही पानांआड टीपकागद, तो ओला झाला की बदलायचा. दाखले त्यावरूनच निघतात, बाकी सगळं नवं मिळतं.

पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, भरायची, मग हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर). पावडर सरळ टाकीत ओतू नका. बादलीत कालवा, अर्धा तास ठेवा, चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी टाकीत घाला. तासाभराने ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची). पिवळा रंग आला तर पिण्याजोगं, नाही आला तर परत. जुनी पावडर उघड्या पोत्यात राहिली असेल तर तिच्यात दम नसतो, ५ ग्रॅमने काही होत नाही.

छावणी असेल तर तहसील कार्यालयाला लेखी विचारा की किती खोल्या कधी मोकळ्या होणार. चार खोल्या मिळाल्या तरी दहावी आणि पाचवी सुरू करता येते, अख्खी शाळा रिकामी होण्याची वाट बघू नये.

काळा ढग | गुरुवार, रात्री १०:१२

पंचगंगाकाठ यांना साष्टांग. वेगळा धागा काढा की राव.

वऱ्हाडी | शुक्रवार, सकाळी ७:३०

कुणी एप्रिल-मे लांबवायचं म्हणण्याआधी सांगून ठेवतो: विदर्भात ते होत नाही. आमच्या शाळा मुळात उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे सुरुवातीलाच आठवडाभर मागे. २०२५ ला परीक्षा एप्रिलच्या अखेरपर्यंत लांबवल्या, प्राथमिक शाळा सकाळी ७ ते सव्वाअकरा केल्या, तरी पत्र्याच्या खोलीत दहालाच भट्टी होते. पावसाची भरपाई उन्हात करायला लावली तर पुढे उष्माघाताची सुट्टी द्यावी लागेल. मग तिची भरपाई कधी?

तेरेखोल | शुक्रवार, सकाळी ८:०५

पलीकडे गोव्यात २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचं वर्ष ७ एप्रिललाच सुरू केलं. त्यावर पालकांनी हीच हरकत घेतली होती.

लाल परी | शुक्रवार, सकाळी १०:४०

रविवारचा सगळ्यात मोठा अडथळा कुणी बोललं नाही: गाडी. शाळेच्या वेळेच्या फेऱ्या रविवारी बऱ्याच ठिकाणी नसतात. मुलींसाठीच्या मानव विकास या सरकारी योजनेतल्या गाड्यांचं तसंच, शाळा सुरू तेव्हाच गाडी. पास फुकट असून काय उपयोग, फेरीच नाही. शनिवारी शाळा दोन तासिका उशिरा सोडली तरी तीच गाडी चुकते आणि मुलं दुपारी दोनपर्यंत फाट्यावर.

त्यामुळे वेळ बदलण्याआधी आगार व्यवस्थापकांना पत्र: मार्ग, सध्याची फेरी, हवी ती वेळ, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, त्या मार्गावरची मुलं-मुली किती. किमान दोन आठवडे आधी, कारण चालक-वाहकांच्या ड्युट्या आधी लागलेल्या असतात. "सहकार्य करावे" एवढंच लिहिलेलं पत्र फाइलीत जातं.

वेळापत्रकवाला | शुक्रवार, रात्री ९:५०

सगळं एकत्र करून ४८ तासिकांचा आराखडा टाकतो, तपासा.

१) मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या दोन सुट्ट्या शिल्लक आहेत असं धरून त्या दोन दिवशी शाळा. दोन्ही दिवशी सोमवारचं वेळापत्रक. १६ तासिका परत, त्यात प्रयोगाच्या जोड तासिका दोन आणि शिट्टी सरांचे दोन तास आपोआप. कामाचे दिवस २३१ चे २३३.

२) दिवाळीआधी दोन आठवडे रोज शून्य तासिका, १०:२० ते १०:५५. एकूण १०. बालाघाट म्हणतात तसं भाषा आणि गणित आधी.

३) दिवाळीनंतर ११ शनिवार, ५ ऐवजी ७ तासिका. एकूण २२. यात विज्ञान, इंग्रजी, हिंदी, इतिहास, भूगोल, आणि शा.शि. २, चित्रकला २ सुद्धा.

१६ अधिक १० अधिक २२, बेरीज ४८. रविवार शून्य.

शिट्टी | शुक्रवार, रात्री ९:५८

मंजूर. शनिवारचे आमचे तास शेवटी ठेवा, मैदानावरूनच मुलं घरी जातील.

नियमावली | शुक्रवार, रात्री १०:१५

बसतंय. दोन दुरुस्त्या. शनिवारच्या जादा तासिकांनी तास वाढतात, दिवस नाही, कारण शनिवार आधीच मोजलेला आहे. अहवालात ते "जादा दिवस" म्हणून लिहू नका. दुसरं, दहावीसाठी ११ शनिवार जास्त लांबतात. बोर्डाची लेखी फेब्रुवारीत, त्याआधी प्रात्यक्षिक आणि पूर्वपरीक्षा. दहावीला शनिवारी तीन जादा तासिका देऊन आठ शनिवारांत संपवा, म्हणजे दोन जास्तच होतात.

कागदपत्र: शाळा व्यवस्थापन समिती आणि पालक-शिक्षक संघाचा ठराव, त्यात बदललेल्या वेळा आणि तारखा. ठरावाची प्रत जोडून शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र, आवकचा शिक्का घेऊन. हजेरीपत्रकात बंद दिवसापुढे लाल शाईने "अतिवृष्टी, सुट्टी" आणि आदेशाचा क्रमांक. शिक्षकांच्या टाचणात (पाठाच्या नोंदवहीत) जादा तासिकेपुढे कुठल्या तारखेची भरपाई ते लिहायचं.

भातडाळ | शुक्रवार, रात्री १०:२४

आणि त्या दोन दिवसांचं स्वयंपाकी ताईंना आठवडाभर आधी सांगा. गॅसची टाकी पण बघून ठेवा.

ठाण्याची आई | शुक्रवार, रात्री १०:३०

पालकांना तारखा एकदमच द्या हो, अकराच्या अकरा. दर शुक्रवारी रात्री "उद्या शाळा साडेबाराला सुटेल" असा मेसेज आला की व्हॅनवाल्याशी भांडण आमचं होतं.

लाल परी | शुक्रवार, रात्री १०:४१

त्याच तारखांची यादी आगाराच्या पत्राला जोडा. दहावीच्या आठ शनिवारी सुटायची वेळ वेगळी असेल तर ती खाली वेगळी लिहा, नाहीतर एकच गाडी येईल आणि दहावी मागे राहील.